चिंगीची भाकरी किती?



मागे शेळीपालनाचा कार्यक्रम झाला, तेव्हा शेवटी एका मावशींनी विचारलं होतं, "शेळीचा खुराक सांगितला, गाईचा सांगितला, पण दारातल्या कुत्र्याला किती घालायचं ते कुणी सांगतच नाही." सगळ्याजणी हसल्या, आम्हीही हसलो. कुत्र्याला काय, उरलंसुरलं घालायचं, त्यात सांगायचं काय? पण मावशी हसत नव्हत्या. त्यांच्याकडे एवढंसं एक कुत्रं आहे आणि ते दिवसेंदिवस ढोलासारखं फुगतंय. घरी येताना आम्हाला आमच्याच गल्लीतली चिंगी आठवली आणि हसल्याची लाज वाटली. म्हणून आजचा विषय कुत्र्याच्या खाण्याचं माप. हे माप माणसानं कधी आणि कसं काढलं, याची मोठी गोष्ट आहे. ती सांगतो, पण आधी चिंगीची सांगायला हवी.

चिंगी म्हणजे पांढरी, केसाळ, लहान चणीची पामेरियन. आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलानं ती पुण्यात पाळली होती. त्यानं खोली बदलली, नवीन घरमालकाला कुत्रं चालेना, मग चिंगी टेम्पोत बसून गावी आली. सोबत पाकिटातल्या खाण्याची अर्धी पिशवी आणि रेघ मारलेला एक प्लास्टिकचा कप. मुलानं फोनवर बजावलं होतं, "रेघेपर्यंतच घाला." महिन्याभरात पिशवी संपली. कप मिठाच्या बरणीत गेला. सासूबाई म्हणाल्या, "आपल्याकडं कुत्र्याला कुणी मापानं घालतं का?" आणि चिंगीची दूध-भाकरी सुरू झाली.

तेवढ्यावर राहिलं असतं तरी निभावलं असतं. पण चिंगी गोड. सकाळी गल्लीतून फिरायची, प्रत्येक उंबऱ्यावर दोन पाय टेकवून उभी राहायची. कुणी बिस्किट, कुणी चपातीचा तुकडा, कुणी सायीचं बोट. दोन वर्षांत ती एवढी झाली की पाठीवर वाटी ठेवली तर सांडली नसती. मग एका मे महिन्यात आमच्या मागोमाग बैठकीला येताना ती रस्त्यातच बसली. जीभ बाहेर, धाप लागलेली, मागचे पाय उचलेनात. उचलून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी तिच्या कुशीत बोटं खुपसली, बरगड्या शोधल्या, सापडल्या नाहीत. म्हणाले, "हिला दुसरा आजार नाही. हिला घरं फार झाली."

आता मागं जाऊ या, कारण सासूबाईंचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. आपल्याकडे कुत्र्याला खरंच कुणी मापानं घालत नव्हतं. आपल्याकडे माप होतं ते घासाचं. गाईचा घास, कावळ्याचा घास, कुत्र्याचा घास. श्राद्धाच्या पानातही कुत्र्याचा वाटा काढतात. संत नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. कुत्रं कोरडी भाकरी घेऊन पळालं, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले. त्याच गावात "कुत्र्याला तूप पचत नाही" ही म्हणही चालते. दोन्ही आपलंच. पण या सगळ्यात किती हा प्रश्न नव्हता, कारण तो पडायचं कारण नव्हतं. गावातलं कुत्रं एका घराचं नसायचं. वीस घरांतून एकेक घास मिळाला, तर तो चार कुत्र्यांत वाटला जायचा. वर दिवसभर शिवारात भटकणं, भांडणं, रात्रीची राखण. हिशेब आपोआप जुळायचा. नाही जुळला तर कुत्रं मरायचं, आणि त्याची नोंद कुणी ठेवत नव्हतं.

शेतावरच्या, मेंढरांमागच्या कुत्र्याचा मात्र विचार फार जुना आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये व्हॅरो आणि कोलुमेला या दोघांनी शेतीवर पुस्तकं लिहिली. त्यात राखणीच्या कुत्र्याला काय घालावं ते आहे. व्हॅरो सांगतो जवाची भाकरी, दुधात भिजवून. कोलुमेला सांगतो जवाचं पीठ दुधाच्या निवळीत कालवून, आणि जिथं दूध नाही तिथं वालासारख्या कडधान्याचं उकडलेलं पाणी भाकरीवर घालून, कोमट असताना. म्हणजे आपल्याच धनगरी वाड्यावरचं जेवण म्हणायचं. आता कुणी म्हणेल, कुत्रं तर मांस खाणारं, त्याला भाकरी पचते का? पचते. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं तपासली. पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत सापडल्या. माणसाच्या चुलीशेजारी हजारो वर्षं बसून कुत्र्याचं पोट आपल्यासारखं झालं.

पिशवी आणि कप ही कुठून आली? १८६० च्या सुमाराला जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस इंग्लंडला गेला. तिथल्या बंदरावर खलाशांनी टाकलेली कडक बिस्किटं कुत्री खाताना त्यानं पाहिली आणि त्याच्या डोक्यात धंदा आला, असं सांगतात. गहू, भाज्या, बीट आणि मांस घालून त्यानं कुत्र्यांची बिस्किटं काढली आणि ती शिकारीची कुत्री पाळणाऱ्या साहेबलोकांना विकली. उरलंसुरलं खाणाऱ्या जनावरासाठी पहिल्यांदा वेगळं जेवण विकत मिळू लागलं. एकदा ते विकत मिळू लागलं की किती घालायचं, हे विकणारा सांगणार. पिशवीवरचा तक्ता तिथून सुरू झाला, आणि आम्हाला विचाराल तर त्या तक्त्याकडे दुकानदाराच्या तराजूसारखंच बघावं. खोटा नसेल, पण नजर ठेवावी.

खरं माप निघालं ते दुकानात नाही. इथं जरा नीट लक्ष द्या, कारण चिंगीचं सगळं कोडं इथं आहे. १८८३ साली जर्मनीत मॅक्स रुबनर या शास्त्रज्ञानं लहान-मोठ्या सात कुत्र्यांचा हिशेब मांडला. अंगात रोज किती सरपण जळतं, याचा हिशेब. ते मोजायचं माप म्हणजे उष्मांक, ज्याला कॅलरी म्हणतात. सगळ्यांत मोठं कुत्रं होतं ३१ किलोचं. ते दर किलोमागे दिवसाला सुमारे ३६ उष्मांक जाळत होतं. सगळ्यांत लहान होतं तीन किलोच्या थोडं वर. आपल्याला वाटेल, लहान ते कमी जाळणार. त्यानं दर किलोमागे ८८ जाळले! दुपटीहून जास्त.

असं का, ते चुलीपाशी कळतं. तपेलंभर पाणी आणि कपभर पाणी एकदम उतरवून ठेवा. कप आधी गार होतो. जीव लहान असला की आतला ऐवज थोडा आणि बाहेर उघडी पडणारी कातडी मानानं जास्त, ऊब भराभर जाते. रुबनरनं हिशेब कातडीवरच बसवला. पुढं १९३२ साली मॅक्स क्लायबर या मूळच्या स्वित्झर्लंडच्या, पण कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या शास्त्रज्ञानं उंदरापासून बैलापर्यंतची मोजमापं एकत्र मांडली आणि सांगितलं की केवळ कातडीनं हिशेब पुरता जुळत नाही, पण नियम आहे: वजन दुप्पट झालं म्हणून भूक दुप्पट होत नाही, दीडपटीहून थोडी जास्त होते. आजही गुरांचे आणि कुत्र्यांचे डॉक्टर खाण्याचं गणित करतात ते क्लायबरच्याच नियमानं.

आपल्या भाषेत मांडायचं तर असं. मळ्यातलं २४ किलोचं कुत्रं आणि सहा किलोची चिंगी. वजनात चिंगी चौथाई. मळ्यातल्याला दिवसाला सहा भाकरींएवढं लागत असेल, तर चिंगीला दीड भाकरी नव्हे, दोनला थोडं वर लागेल. चार चिंग्या मिळून त्या एका मोठ्यापेक्षा जास्त खातील.

हे ऐकून आमच्या गटातल्या एकीनं लगेच पकडलं, "बघा! म्हणजे लहानाला जास्तच घालायला पाहिजे." नाही, बाई. किलोमागे जास्त, एकूण थोडंच. आणि एकूण थोडं असतं म्हणूनच चूक महाग पडते. साधारण ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी धरली तर तिच्यात २०० च्या आसपास उष्मांक. सहा किलोच्या, वयात आलेल्या, घरातच फिरणाऱ्या कुत्रीला दिवसाचे ४०० पुरतात. मोठ्या कुत्र्याला नित्यापेक्षा चतकोर जास्त पडली तर त्याच्या अंगी काही लागत नाही. चिंगीला तीच चतकोर म्हणजे दिवसाच्या जेवणाचा आठवा हिस्सा. आता ग्लुकोजचं बिस्किट घ्या. एवढंसं, पण एकात वीस-पंचवीस उष्मांक. आमच्या गल्लीत १४ घरं. एकेका घरानं एकच बिस्किट दिलं तरी तीनशेच्या वर गेले, आणि घरची दूध-भाकरी अजून व्हायचीच आहे. एकीनंही जास्त दिलं नव्हतं. प्रत्येकीनं एकच दिलं होतं.

आम्ही गटवाल्या. रुपयाचा हिशेब चुकला तर रात्री झोप येत नाही. चिंगीच्या पोटात १४ खाती उघडली होती आणि वही एकही नव्हती.

मग भाकरीच बंद करून पाकीट आणायचं का, असाही प्रश्न आला. त्याआधी भाकरीची एक गोष्ट ऐका, आणि ही आपल्या दख्खनची आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा नावाचा रोग होता. कातडी काळवंडून सोलायची, हगवण लागायची, डोकं फिरायचं, माणसं दगावायची. लोक म्हणायचे, जंतूंचा रोग. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरनं दाखवून दिलं की हा जंतूंचा नव्हे, ताटाचा रोग आहे. गरीब माणसं मक्यावरच जगत होती, त्यांना होत होता. आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होत होता. घरात आलेलं दूध-मांस कुणाच्या पानात जातं आणि कुणाच्या जात नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. कुत्र्यांना असाच रोग व्हायचा, जीभ काळी पडायची. १९३७ साली एल्व्हेयम या शास्त्रज्ञानं एका जीवनसत्त्वानं त्या कुत्र्यांची जीभ बरी केली, आणि त्याच औषधानं माणसंही बरी झाली.

आपल्याकडे मका नव्हता, ज्वारी होती. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांनाही पेलाग्रा होतो. १९६० नंतरच्या त्या वर्षांत त्यांनी कुत्र्यांना ज्वारीचाच आहार देऊन पाहिला. कुत्र्यांच्या जिभा काळ्या पडल्या. त्या मुक्या जिवांचं वाईट वाटतं, पण कळलं ते आपल्या कामाचं कळलं. ज्वारी वाईट नाही. ज्वारी एकटी वाईट. तिच्यासोबत डाळ, दूध, अंडं, शेंगदाणा असं काही लागतं, कुत्र्याला आणि आपल्यालाही.

म्हणून चिंगीची भाकरी आम्ही बंद केली नाही. दोनाची एक केली, आणि तिच्यासोबत एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर घट्ट बिनमिठाचं वरण, कधी थोडं ताक. पाकीट परवडत असेल तिनं पाकीट घालावं, त्यात वाईट काही नाही. फक्त पाकीट आणि भाकरी दोन्ही पोटभर असं करू नये. आणि कालवण घालायचं नाही, तिखटापेक्षा कांद्यासाठी. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. १९३० साली सेब्रेल या अमेरिकन डॉक्टरनं कुत्र्यांना कांदा खाऊ घालून रक्त कमी झालेलं दाखवलं होतं. लसूणही तसलाच, आणि बेदाणे-मनुकेही नकोत. नामदेवांची तुपाची वाटी मनात ठेवावी, ताटलीत नको. एकदम तुपकट खाल्लं तर लहान कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊन ते दगावूही शकतं, तेव्हा ती म्हण अगदीच पोकळ नव्हती.

"निम्मं केलं तर बिचारी उपाशी राहील," सासूबाईंचा जीव तुटत होता. त्यांना आम्ही एक प्रयोग सांगितला. अमेरिकेत लॅब्राडॉर जातीची ४८ पिल्लं घेतली, एका वेताची दोन-दोन अशा जोड्या लावल्या. जोडीतलं एक जेवढं खायचं, त्यापेक्षा दुसऱ्याला चौथा हिस्सा कमी द्यायचा, जन्मभर. चौदा वर्षं हे चाललं आणि २००२ साली छापून आलं. कमी खाणाऱ्यांचं मधलं आयुष्य निघालं १३ वर्षं, भरपूर खाणाऱ्यांचं ११ वर्षं आणि थोडं वर. सांधेही कमी खाणाऱ्यांचेच उशिरा धरले. गंमत अशी की हा प्रयोग केला कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या एका कंपनीच्याच संशोधकांनी. सासूबाई गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दोन वर्षं म्हणजे कुत्र्याला लई झाली की."

आकडे लक्षात राहणार नाहीत, ते आम्हालाही वहीत बघावे लागतात. हात लक्षात ठेवा. आता ऐकता ऐकताच करून बघा. एका हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर ते उपाशी आहे. मूठ सोडून हात सरळ धरा, तळव्याच्या बाजूनं बोटांच्या मुळाशी चाचपा. हाडं शोधावी लागतात? तेवढ्या दाबानं बरगड्या लागत असतील तर ते जास्त खातंय. आता हात पालथा करा आणि पंजाच्या पाठीवरून बोटं फिरवा. हाडं दिसत नाहीत पण सहज लागतात. बरगड्या अशा हव्यात. वरून पाहिलं तर कमरेपाशी जरा आत गेलेलं दिसावं. १९९७ साली डॉक्टरांसाठी याचीच नऊ अंकांची पट्टी तयार झाली, चार-पाच अंकांचं कुत्रं चांगलं. केसाळ कुत्र्याला डोळ्यांनी बघून फसायला होतं, हातच लावायला हवा. महिन्यातून एकदा हात लावा आणि भाकरी त्याप्रमाणे चतकोरानं कमी-जास्त करा. पिल्लू असेल, गाभण किंवा पाजणारी कुत्री असेल, तर हा हिशेब लावू नका, त्यांना जास्त लागतं. आणि चिंगीसारखी फार वाढलेली असेल तर डॉक्टरांना विचारूनच कमी करा.

आम्ही वजनही करायचं ठरवलं. गिरणीतल्या मोठ्या काट्यावर चिंगी एक मिनीट उभी राहीना. मग एकीनं तिला उचलून काट्यावर उभं राहायचं, नंतर एकटीनं उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. पहिल्या दिवशी चिंगी निघाली नऊ किलो दोनशे. हिशेब वहीच्या मागच्या पानावर लिहिला. गल्लीसाठी एक डबा ठेवला, ताईंच्या ओट्यावर. चिंगीला ज्या घराला काही द्यायचं असेल त्यानं सकाळी त्या डब्यात टाकायचं, आणि त्या दिवशी तेवढी भाकरी कमी. पहिल्या आठवड्यात डबा भरून वाहिला. मग सगळ्यांना आपलं एक-एक बिस्किट एका जागी दिसलं.

पण त्या वजाबाकीत दुसरंच निघालं. कुत्र्याचं वजन काढायला आधी बाईचं काढावं लागतं. चिंगीला उचलून उभी राहिली होती ती घरची धाकटी सून. पाच फुटांच्या वर उंची, वर्षाचं मूल अंगावर पिणारं. चिंगीला खाली ठेवून ती एकटी उभी राहिली तेव्हा काटा ३८ वर थांबला. गिरणीवाला म्हणाला, "काटा बरोबर आहे, सकाळीच तपासलाय." तिला विचारलं, जेवतेस का नीट? म्हणाली, "सगळ्यांचं झालं की जेवते की, उरलेलं असतंच." आमच्यातल्या कुणालाच त्यावर लगेच काही बोलता आलं नाही. कारण आम्हीही तेव्हाच जेवतो.

आशाताईंनी तिला उपकेंद्रात नेलं, रक्त तपासलं, गोळ्या सुरू झाल्या. चिंगीच्या पानाशेजारी वहीत आणखी एक पान सुरू झालं. तिचं वाढायला हवं, चिंगीचं उतरायला हवं. दर महिन्याच्या पाच तारखेला बैठक संपली की सगळ्याजणी गिरणीत जातात, आता बाराही जणींची वजनं होतात. चिंगी सात महिन्यांत सात किलोवर आली आहे, पुन्हा बैठकीला स्वतःच्या पायानं येते. धाकटी ४३ वर आहे. ती आता सासूबाईंच्या बरोबरीनं पानावर बसते. तो ठराव कुणी मांडला नव्हता, एक दिवस सासूबाईंनीच दोन ताटं घेतली.

कोपऱ्यावरच्या आजी अजून चिंगीला पदराआडून बिस्किट देतात. विचारलं तर नाही म्हणतात. मागच्या पाच तारखेला चिंगी दीडशे ग्रॅमनं वाढलेली निघाली.